तंबोऱ्याच्या गवसणीतली बंदूक

सरकारी कचेरीत कागद साठतात तसे किस्सेही साठतात. कागद निदान जाळता येतात! परवा बाजारात रताळी दिसली आणि मला अप्पा साठे आठवले.

अप्पा आमचे हेडक्लार्क, मूळ पुण्याचे. एस्प्लनेडच्या त्या कचेरीत बाकी सगळे बंगाली, मराठी माणसं आम्ही दोघंच. अप्पा पक्के शाकाहारी आणि पक्के नेमबाज! एका हिवाळ्यात दर शनिवारी कचेरी सुटली की आम्ही बराकपूरला डुकरं मारायला जायचो.

ते हरिपदबाबूंसाठी. माझ्या शेजारच्या टेबलावरचा हा गरीब माणूस फाळणीत बारिसालचं घरदार सोडून आला होता. बराकपूरच्या पुढे, लढाईतल्या एका ओसाड छावणीला लागून त्यांनी झोपडी बांधली, रताळी लावली. छावणीतल्या गोऱ्यांनी खायला डुकरं पाळली होती. गोरे गेले, डुकरं राहिली, रानटी झाली आणि वाढतच गेली. दोन वर्षं त्यांनी हरिपदबाबूंचं सगळं पीक उकरून खाल्लं.

"यंदाही गेलं तर जमीन सोडायची आणि परत निर्वासितांच्या तंबूत," एवढंच ते म्हणाले. अप्पांनी घरी जाऊन कपाटावरची दुनळी बंदूक खाली काढली.

*

पहिलं डुक्कर पडलं ते ऐन जानेवारीत. पलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी ते आनंदानं नेलं आणि आम्ही विजयी वीरांसारखे अप्पांच्या घरी परतलो. दारात कमलवहिनी उभ्या!

"अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. नळ अंगणात आहे."

"वहिनी, मी नुसता बघत होतो हो!" मी कुडकुडत म्हणालो.

"मग डोळ्यांपासून सुरुवात करा!"

*

दिवस दंग्यांनंतरचे. बंदूक दिसली की रेल्वेचा डबा रिकामा व्हायचा. वहिनी गाणं शिकवायच्या. त्यांनी आपल्या तंबोऱ्याला होती तश्शीच दुसरी खाकी गवसणी शिवली. तिच्यात बंदूक आणि खाली भोपळ्याच्या जागी उशी.

पण बंगाली माणसाला तंबोरा दिसला आणि तो गप्प बसला, असं होईल का? सियालदह स्टेशन सुटलं नाही तोच समोरचे म्हातारे हात जोडून म्हणाले, "उस्ताद, काहीतरी होऊन जाऊ दे!"

अप्पांना एकच गोष्ट गाता यायची, गणपतीची आरती. डोळे मिटून त्यांनी ती अख्खी म्हटली. डबा तल्लीन!

"कुठला राग म्हणायचा हा?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

अप्पा घाम पुसत म्हणाले, "संध्याकाळचा!"

झोपडीवर पोचल्यावर मी हे रंगवून सांगितलं. हरिपदबाबूंच्या बायकोला आम्ही बौदी म्हणायचो, म्हणजे वहिनीच. त्या पोट धरून हसल्या.

हरिपदबाबू हळूच म्हणाले, "तिकडे ही रोज पहाटे तंबोरा घेऊन बसायची. तो तिकडेच राहिला. इथं आल्यापासून एकदाही गायली नाही."

बौदी उठून भांडी घासायला गेल्या. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं.

*

रात्री आम्ही झोपडीवरच राहायचो. एकदा पहाटे एक भली थोरली डुकरीण अगदी टप्प्यात आली. अप्पांनी नेम धरला आणि बंदूक खाली केली.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"लेकुरवाळी आहे रे."

मागून सात-आठ पिल्लं तुरुतुरु आली. सगळ्यांनी मिळून दोन सरी फस्त केल्या!

"शाठेबाबू, हीच तर उद्या आणखी आणणार!" हरिपदबाबू कळवळले.

बौदी म्हणाल्या, "बरं केलंत, दादा. पोरं घेऊन पळणं काय असतं, ते मला ठाऊक आहे."

*

रताळी काढायला एक दिवस उरला होता. पहाटे आम्ही बांधावर दबा धरून बसलो. समोरची वेताची झुडपं सळसळली. डुरकणं ऐकू आलं. कळपच होता! अप्पांनी गवसणी उघडली आणि आत हात घातला.

"जोश्या... उशी कुठाय?"

गवसणीत वहिनींचा तंबोरा होता!

हरिपदबाबूंनी पत्र्याचा डबा बडवला. त्याला डुकरं केव्हाच सरावली होती. झुडपं आणखी जवळ हलली. हरिपदबाबू डोकं धरून मटकन खाली बसले.

तेवढ्यात बौदी आल्या. त्यांनी अप्पांच्या हातातून तंबोरा काढून घेतला, थेट झुडपांसमोर, शेताच्या तोंडाशी जाऊन बसल्या आणि तारा लावू लागल्या. एक उतरलेली होती, ती चढवली. मग गायला लागल्या. पहिला सूर फाटला. दुसरा थरथरला. तिसऱ्याला मी अप्पांकडे पाहिलं, तर ते बेधडक रडत होते.

झुडपं एकदा जोरात हलली. मग जरा लांब हलली. मग हललीच नाहीत. ऊन वर आलं तरी बौदी गातच होत्या.

*

सोमवारी पीक निघालं. मंगळवारी हरिपदबाबूंनी कचेरीत प्रत्येकाच्या टेबलावर दोन-दोन रताळी ठेवली. जमीन राहिली.

पुढच्या शनिवारी मी घरी जायला निघालो, तर अप्पा खांद्याला गवसणी लावून कचेरीच्या दारात उभे!

"अप्पा, रताळी निघाली की! आता बंदूक कशाला?" मी गवसणी त्यांच्या खांद्यावरून घेतली. खाली चाचपून पाहिलं. उशी नव्हती.

अप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "हिनं बौदींसाठी नव्या तारा बसवून दिल्यात."