किवेलच्या डब्यातलं नाणं

व्हेर्नर ठेलेनने जर्मनीतल्या मोझेल नदीच्या बंधाऱ्यावर बोटींसाठी दरवाजे उघडण्या-मिटण्यात तीस वर्षं काढली. बायको आधीच गेलेली; नोकरी संपल्यावर उरला तो जुन्या नाण्यांचा नाद. जवळच्या ट्रिअर शहरातल्या लिलावात चकचकीत नाण्यांच्या वाटेला तो जात नसे. मातीनं लडबडलेली, कुणी नीट न निरखलेली रोमन नाणी डब्याच्या डब्यानं विकली जात, त्यांवर त्याचा डोळा. ओटमार किवेलचाही त्यांवरच. छापखान्यातून निवृत्त झालेला हा किवेल नेहमी दोन खुर्च्या सोडून बसे.

"काय ठेलेन, आज पण भंगारच नेणार?"

"तुम्ही गप्प बसलात तर स्वस्तात नेईन."

"मग गप्प बसतो कशाला?"

अठरा वर्षं बोलणं एवढंच. एकमेकांचं घर दोघांनी पाहिलं नव्हतं.

मार्चात किवेल वारला. शरदातल्या पानगळीत त्याचेच डबे लिलावाला आले. व्हेर्नरने हात वर केला आणि सवयीनं बाजूला पाहिलं. बोली कुणीच वाढवली नाही. त्यातला एक डबा साठ युरोत पदरात पडला.

घरी तो रोज चार-पाच नाणी भिजवून हलक्या हातानं साफ करी. एका दुपारी माती सुटली आणि सूर्यकिरणांसारख्या टोकांच्या मुकुटातला दाढीवाला चेहरा वर आला. भिंगाखाली नाव लागलं: लेलियानुस. जेमतेम दोन-तीन महिने टिकलेला बंडखोर सम्राट. असं नाणं मिळावं म्हणून लोक जन्म घालवतात; किवेलकडे ते न धुता पडून होतं.

"अहो, आंधळे होतात की काय?" तो मोठ्यानं म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलंच बोलणं.

त्यानं किवेलच्या लेकीला फोन केला. "नाणं फार मोलाचं आहे. तुमचंच आहे."

"विकलं ते विकलं," ती म्हणाली. "म्हणजे बोली चढवून बाबांचे डबे महाग करायचे ते ठेलेन तुम्हीच?"

"हो."

"बाबांना खोकला झाला होता, तरी यायचे लिलावाला. म्हणायचे, नाही गेलो तर तो फुकटात नेईल."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

पुढच्या लिलावातही दोन खुर्च्यांपलीकडून बोली आली नाही; व्हेर्नरला डबा सहज मिळाला. विकत घेतलेला तो डबा घरी आणायला मात्र तीन आठवडे तो गेला नाही.