कुंताबाईंनी धुतलेली पानं

कोळसाखाणींच्या घुग्घुसमध्ये बाहेरून घरात येणारी प्रत्येक गोष्ट आधी धुतात: भाजी, चपला आणि माणूस. कोळशाची धूळ उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, हा तिथला घरोघरचा कायदा. धूळ तो रोज मोडते, बायका तो रोज नव्याने लागू करतात. भागीरथा निमगडेचं वर्ष जायची वेळ आली ती या कायद्यामुळेच.

१९८६चा फेब्रुवारी होता. भागीरथा चंद्रपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रबंधाचा विषय तिला शोधावा लागला नव्हता. तो रोज संध्याकाळी केसांत सापडायचा. ट्रकच्या रस्त्याकाठी आंब्याच्या पानांवर किती धूळ बसते आणि रस्त्यापासून आत गेलं की ती किती कमी होते, हे मोजायचं. पान धुळीसकट तोलायचं, पुसून पुन्हा तोलायचं आणि फरक मांडायचा.

वाचायला तिचे मार्गदर्शक बोरकुटे सरांनी नागपूरहून शोधनिबंधांच्या झेरॉक्स आणून दिल्या होत्या. सगळे इंग्रजी, बहुतेक परदेशी धुळीवरचे. बसमधून उतरून, पाणी भरून, बाबांचा खाणीतल्या पाळीचा डबा बांधून झाला की ते वाचायला वेळ मिळे. तीच वेळ झोपेचीही होती. प्रत्येक निबंधाचं पहिलं पान तिला पाठ होतं, कारण रोज सुरुवात तिथूनच व्हायची.

त्या रविवारी तिने दिवसभर हिंडून पानं तोडली आणि जागेप्रमाणे वेगवेगळ्या पुड्यांत भरली. सोमवारी तराजूवर तिचा नंबर होता. नाजूक वजनाचा तराजू कॉलेजात एकच. वनस्पतीवाले आणि प्राणीवाले तो नंबर लावून वापरत. प्रबंध शनिवारी द्यायचा होता. नंबर चुकला की प्रबंध चुकला, आणि प्रबंध चुकला की वर्ष.

संध्याकाळी ती निबंध घेऊन बसली आणि तो छातीवर ठेवून झोपली. उठली तेव्हा अंगणात सुपात पानं वाळत होती, हिरवीगार. घुग्घुसमध्ये असा हिरवा रंग तिने आजवर पाहिला नव्हता.

"माय, हे का केलं?"

"धुतली," कुंताबाई म्हणाल्या. "काळीकुट्ट होती. तशीच नेली असती तं सर म्हणले असते, घरी माय नाई का हिले."

"त्याच्यावरची धूळच तं मोजाची होती."

कुंताबाईंनी लेकीकडे नीट पाहिलं. "धूळ मोजाले दोन वर्सं कॉलेजात जाऊन राह्यली तू?"

तिचे बाबा वामनराव खाणीवर निघाले होते. सायकल काढता काढता म्हणाले, "मले सांगतलं असतं तं मीच आणून देली असती. रोज डोक्यावर घेऊनच येतो."

भागीरथा हसली नाही, रडलीही नाही. दोन्हींना अंगात त्राण लागतं.

सोमवारी ती रिकाम्या हाताने कॉलेजात गेली. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर श्रीहरी बसला होता. तो मूल गावाकडचा, ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा. गावच्या तलावातल्या मासोळ्यांवर त्याचा अभ्यास चालू होता आणि तराजूवर गुरुवारचा नंबर त्याचा होता. भागीरथाने त्याला पानांची हकीकत सांगितली. त्याने ती समदुःखी माणसाच्या शांतपणे ऐकली.

"माहे नमुने तं पोटात गेले," तो म्हणाला.

"कोणाच्या?"

"जवाईबापूच्या. काल बहीण-जवाई आले होते. मी मासोळ्या मडक्यात जित्या ठेवल्या होत्या. मायनं रांधल्या."

"मग आता?"

"माहा प्रबंध मार्चात हाये. तलावात मासोळ्या लय हायेत. गुरुवार तू घे."

बोरकुटे सरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि नंबर बदलून दिला. "संशोधनातल्या अडचणी असं एक प्रकरण असते," ते म्हणाले. "त्याच्यात आई लिहू नका. परीक्षक नागपूरचे हायेत, त्यायले समजणार नाई."

परतीच्या बसमधून तिने रस्त्याकाठची झाडं पाहिली. शेंडा ते बुंधा काळी, पानं धुळीने वाकलेली. धूळ पाहून तिला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

बुधवारी कॉलेज बुडवून तिने दिवसभर हिंडून पुन्हा पानं तोडली, पुड्या फळीवर ठेवल्या, निबंध उघडला आणि पहिल्या पानावरच झोपली. कुंताबाईंनी पुड्यांवर धुतलेलं लुगडं पांघरलं.

"झाकून काऊन ठेवलं?" वामनरावांनी विचारलं.

"धूळ बसल त्याच्यावर. पोरीले रस्त्यावरची मोजाची हाये, आपल्या घरातली नाई."

गुरुवारी वजनं झाली. शनिवारी प्रबंध सरांच्या टेबलावर पडला. त्या संध्याकाळी भागीरथा घरी आली आणि दिवेलागणीलाच आडवी झाली. छातीवर या वेळी काही नव्हतं. कुंताबाईंनी तिच्या चपला उचलल्या आणि मोरीत नेऊन धुतल्या.