दाराखालचा उजेड

बाबांना डोंबिवलीहून आमच्याकडे कोलशेतला आणायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी बाथरूम फोडली. कंपवाताने त्यांच्या हालचाली इतक्या मंदावल्या होत्या की शर्टाची बटणं लावण्यातच निम्मी सकाळ जायची. तरी अंघोळ मात्र ते एकटेच करत. आई होती तोवर तिने पाठ चोळलेली चालायची. ती गेल्यापासून अंगाला कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नव्हता, मुलीचा तर नाहीच नाही. मदतीला माणूस ठेवू म्हटलं, तर माझ्याशी बोलणंच टाकलं.

शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या शोरूममध्ये मी त्यांना घेऊन गेले. म्हटलं, त्यांच्याच पसंतीने होऊ दे. तिथला सेल्समन आम्हाला भविष्यकाळ दाखवत फिरला. भिंतीला लटकलेला कमोड, बसण्याआधीच ऊबदार झालेली सीट, हात पुढे केला की वाहणारा नळ, दात घासताना हवामान सांगणारा आरसा.

"लोकांना आता बाथरूम नको असते मॅडम, स्पा पाहिजे. आणि पुढे तर कमोडच रोज शुगर चेक करणार. डायरेक्ट डॉक्टरला रिपोर्ट!"

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खोपटच्या डेपोत जन्मभर एसटीची इंजिनं खोललेला माणूस, नवं यंत्र दिसलं की आधी हात लावून बघायचा. सगळे नळ हाताळून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "बादली कुठे ठेवायची?"

सेल्समन गोड हसला. त्याच्या भविष्यकाळात बादली नव्हतीच.

मला हसू आलं आणि रागही आला, कुणाचा ते मात्र कळेना. शेवटी तडजोड झाली. पाय न घसरणाऱ्या फरशा, धरायला भिंतीत दांडे, बसायला स्टूल, धुरकट काचेचा आडोसा, आणि बादली. दिव्याला बटण ठेवलं नाही. माणसाची हालचाल टिपून आपोआप लागणारा दिवा घेतला, म्हणजे बाबांना ओल्या हातांनी चाचपडत बसायला नको.

पहिल्याच सकाळी बाबा आत असताना दिवा विझला. मी घाबरून दार बडवलं.

"बाबा! काय झालं?"

"काही नाही गं. बसलोय नुसता."

आत कुणीच नाही, असं त्या दिव्याला वाटलं होतं.

मी लगेच इलेक्ट्रिशियनला फोन लावत होते. साधं बटण बसवून घेतलं की विषय संपला. बाबांनीच अडवलं. "राहू दे. हात हलवला की लागतो. आणि तुलाही बाहेरून कळेल ना, मी ठीक आहे ते. पण दिवा चालू आहे तोवर तू आत यायचं नाहीस." बदल्यात आतून कडी न लावायचं त्यांनी कबूल केलं. सौदा त्यांच्याच फायद्याचा होता, पण मी मान्य केला.

तेव्हापासून माझी सकाळ त्या दाराबाहेर जाते. चहा गार होतो, ऑफिसचे फोन वाजत राहतात आणि मी दाराखालच्या फटीतला उजेड बघत असते. तो गेला की हाक मारायची, "बाबा, हात!" आत हात हलतो, उजेड येतो. सुरुवातीला एखादवेळी व्हायचं, आता किती वेळा होतं ते मोजणं मी सोडलंय. औषधं वाढवून झाली, व्यायाम शिकवणारी बाई येऊन गेली. हे असंच वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या हातात काहीच नाही. मग मी चिडते. दिव्यावर, त्या शोरूमवर, स्वतःवर आणि बाबांवरसुद्धा.

परवा असाच उजेड गेला.

"बाबा, हात हलवा."

"हलवतोय."

फटीत अंधारच होता.

"जरा वर, बाबा. जोरात."

"हलवतोय गं!" ते वैतागले. "त्याला दिसत नाही का?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी हात हलत होता. मी दारावर हात ठेवून उभी राहिले. दिवा विझला होता, म्हणजे ठरल्याप्रमाणे मला आत जायची मुभा होती. पण मी गेले असते तर उद्यापासून त्यांनी अंघोळच सोडली असती, एवढं मी त्यांना ओळखते. आत तांब्याचा, पाण्याचा, कसलाच आवाज येत नव्हता.

मी आवाज न करता दार किलकिलं केलं. काचेपलीकडे ते दाराकडे पाठ करूनच बसतात. बाहेर उभी राहूनच मी फटीतून हात आत घातला, उंच धरला आणि हलवला.

दिवा लागला.

"बघ," बाबा म्हणाले, "लागला की नाही?"

"लागला, बाबा," मी म्हटलं आणि हळूच दार ओढून घेतलं.