तीन वेळा जमलेला ताळा

चौदा जुलै, सोमवार. रक्कम सहा हजार रुपये, सांगलीतल्या एका शिकवणीची, एका सत्राची. हजर माणसं चार: मी, बायको, मुलगी आणि बायकोचे मामा. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. आमच्या रहिमतपूरच्या घरी ते आले की निर्णय तेच देतात.

मुलगी सांगलीच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेली होती. त्या सत्रात लिनिअर अल्जेब्राचा पेपर होता आणि आदल्या वर्षीच्या मुलींनी तिला घाबरवून ठेवलं होतं. एक निवृत्त बाई घरीच शिकवतात, तिकडे जाऊ का, असं ती विचारत होती.

"आवं जावईबापू," मामा म्हणाले, "बी.एस्सी. झालेला बाप घरात बसलाय आन् पोरगी शिकवणी मागतीय. सा हजार वर आल्यात व्हय?"

बायको हसली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "बघू, मी शिकवतो."

खरं असं, की माझं बी.एस्सी. सुटलेलं नाही.

एकवीस वर्षांपूर्वी मुलगी बघायला गेलो, तेव्हा याच मामांनी विचारलं होतं, "बी.एस्सी. झालंय न्हवं?" मी म्हणालो, "झालंय." कॉलेजची तीन वर्षं झाली होती, एवढं खरं. एक पेपर राहिला होता, हाच, लिनिअर अल्जेब्राचा. पन्नासात अकरा. पुढे दोनदा फॉर्म भरला. पहिल्या वेळी तेरा पडले. दुसऱ्या वेळी साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो, अर्धा तास बाकावर बसलो आणि उलट्या एस.टी.नं परत आलो. खताच्या दुकानात हिशेब लिहायला लागलो. मालकानं डिग्री विचारली नाही, मीही सांगितली नाही. सांगितली ती फक्त घरात, त्या एका शब्दात.

सांगलीला जाण्याच्या आदल्या दिवशी मुलीनं विचारलं, "पप्पा, त्या पेपरात असतं काय नक्की? मला आधीच कळू दे."

मला माहीत होतं तेवढं मी खरं सांगितलं. पहिला महिना सोपा जातो. आकड्यांचे चौकोन असतात, आडव्या ओळी, उभ्या ओळी. या ओळीतून ती ओळ वजा करायची, शून्यं पाडायची, तीन समीकरणांतून तीन उत्तरं काढायची. हात बसला की गंमत वाटते. मग एके दिवशी फळ्यावरून आकडेच नाहीसे होतात. उरतात अक्षरं, आणि 'प्रत्येक', 'कोणताही', 'असा की' असले शब्द.

"मग काय करायचं?"

"आकडे घालून बघायचं," मी म्हणालो. "ताळा जमला की झालं."

जन्मभर मी हेच केलंय. बेरीज वरून खाली करायची, मग खालून वर. तिसऱ्यांदाही तेवढीच आली की खाली दुहेरी रेघ.

ती सांगलीला गेल्यावर रोज संध्याकाळी साडेसातला फोन यायचा. सातपासूनच माझं लक्ष दुकानातल्या घड्याळाकडे. ऑगस्टभर निभावलं, आकडे होते तोवर. मग एका संध्याकाळी तिनं उपअवकाशाचं गणित वाचून दाखवलं. तीन-तीन संख्यांच्या जोडण्या, पहिल्या दोघींची बेरीज तिसरीएवढी. असल्या सगळ्या जोडण्यांचा संच उपअवकाश आहे, हे दाखवायचं. म्हणजे त्यातल्या दोन जोडण्या मिळवल्या, किंवा एकीला कशानंही गुणलं, तरी उत्तर त्याच संचात राहायला हवं.

मी म्हणालो, "एक, दोन, तीन घे. दोन, पाच, सात घे. मिळव."

"तीन, सात, दहा."

"तीन अधिक सात?"

"दहा. जमलं की."

"आता पहिलीला पाचानं गुण. पाच, दहा, पंधरा. जमलं. तिन्ही शून्यं घाल, तेही जमलं. रेघ मार."

फोन ठेवला. काहीतरी चुकतंय हे कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं त्याला आधी सगळं सांगावं लागलं असतं.

सप्टेंबरात चाचणी झाली. वीसपैकी तीन. फोनवर ती फक्त म्हणाली, "तुम्ही या."

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. सांगली स्टेशनच्या बाकावरच तिनं पेपर उलगडला. माझे आकडे, तिचं अक्षर, खाली दुहेरी रेघ. बाजूला लाल शाईत लिहिलेलं: ही उदाहरणे झाली. सिद्धता कुठे आहे?

साताऱ्यातले आमचे सर हेच म्हणायचे. मी तेव्हाही मान हलवली होती, कळलं नव्हतं.

"पप्पा, यात चुकलंय कुठं? सगळे ताळे जमलेत," ती म्हणाली. "असंच राहिलं तर डिसेंबरात माझा हा पेपर उडणार. वर्ष जाणार."

सर कडक आहेत, असं म्हणून सुटता आलं असतं. ते वाक्य ओठांवर आलंही होतं. मग मी तिला सांगितलं. अकरा, तेरा आणि स्टँडवरचा बाक.

तिनं पेपराची घडी घातली. मग म्हणाली, "मग मला शिकवलंत कशाला?"

मी तिच्या हातून पेपर घेतला आणि लाल शाईची ओळ पुन्हा वाचली.

"आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

येताना कऱ्हाड कधी गेलं कळलं नाही. बायको भाजी निवडत होती. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अकरा म्हणजे शंभरात?" "पन्नासात." तिनं पुढची जुडी सोडली. त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मामांपुढे उभं राहायला मला आणखी तीन दिवस लागले. ते ऐकत होते, मिशीवरून हात फिरवत. शेवटी म्हणाले, "मी झालंय का इचारलं. सुटलंय का इचारलं न्हाई. फौजेत असतो तर असल्या तपासणीवर माझीच पट्टी उतरवली असती." मग थांबून म्हणाले, "पर लय वाईट केलंसा. पोरीच्या वर्साशी खेळलासा."

मुलगी शेवटी त्याच निवृत्त बाईंच्या शिकवणीला लागली; त्यांनी पहिल्याच दिवशी माझी दुहेरी रेघ खोडली. मुलीनं नंतर मला समजावलं: एक, दोन, तीन घ्यायचंच नाही. अ, ब, क घ्यायचं, म्हणजे कुणीही. तिथं जमलं तर सगळीकडे जमलं. ताळा म्हणजे तीन ठिकाणी चूक सापडली नाही, एवढंच.

डिसेंबरात पेपर झाला. निकालापर्यंतचे दिवस मी रोज मोजले. पन्नासात एकतीस. पेपर सुटला.

अर्धं सत्र गेल्यावर आली म्हणून बाईंनी सहाऐवजी चार हजारच सांगितले होते, निम्मे आधी, निम्मे निकालानंतर. पहिले दोन हजार मामांनी दिले, चूक आपलीही आहे म्हणून. उरलेले दोन हजार मी सांगलीला जाऊन बाईंच्या हातात दिले.