नदीचा पाठ

शाळेत सगळे तिला नकाशाबाई म्हणत. शिकवायची मात्र ती इंग्रजी. नववी-दहावीची जी मुलं घरी वेगळीच भाषा बोलत आणि वर्गात इंग्रजी ऐकून गप्प बसत, ती तिच्याकडे यायची. व्याकरणाचं पुस्तक उघडलं की त्यांची दातखीळ बसे. मग बाईने डोकं चालवलं. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवायची. एकाकडे कुठल्याशा बेटाचा नकाशा, दुसऱ्याकडे कोरा कागद. नकाशावाल्याने इंग्रजीत सांगायचं, नदी कुठून निघते, कुठे वळते, समुद्राला कुठे मिळते. दुसऱ्याने नुसतं ऐकून काढायचं. कुणाची नदी उलटी डोंगरावर चढली की वर्ग खो-खो हसायचा, आणि पुन्हा सांगताना लाजायचं राहूनच जायचं. सगळे नकाशे बाईच्या हातचे.

अकरा वर्षं हे चाललं, तेही हंगामी नेमणुकीवर. यंदा कायमची जागा निघाली. एकच. ही हुकली तर वर्षअखेरीला घरी.

तिच्याच हाताखाली तयार झालेली एक धाकटी बाई होती. तीन वर्षं हिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून शिकली, हिच्याच डब्यात जेवली. "ताई, जागा तुमचीच. मी तर अर्जसुद्धा करत नाही," असं म्हणाली होती. वर नदीच्या पाठाची फाईल बघायला घरी नेली. बाईने दिली. का नाही देणार? धाकट्या बहिणीवर कुणी संशय घेतं का?

परीक्षकांसमोर पाठ घ्यायच्या दिवशी सूचनाफलकावर दोन नावं होती. दुसरं आपलं. पहिलं धाकटीचं, जी अर्जसुद्धा करणार नव्हती. पण भोळी ती भोळीच. म्हणे, घरची काही अडचण असेल बिचारीची, सांगेल मागाहून.

पहिला पाठ होईपर्यंत तिला स्टाफरूममध्ये बसवून ठेवलं होतं. तासाभराने आत बोलावलं. वर्ग तोच, मुलं तीच. बाईने नदीचा नकाशा एका मुलीच्या हातात दिला, पण तिने तोंड उघडायच्या आत पाठमोऱ्या मुलीने अख्खी नदी काढून टाकली, वळणांसकट. बाकीच्यांनीही तेच केलं. तासापूर्वीच काढली होती ना! पोरांना वाटलं, बाईंची नोकरी पक्की व्हायची आहे, जितकं झटपट काढू तितकं बरं. बिचारी पोरं जीव तोडून मदत करत होती.

"हाच पाठ आत्ता पाहिला आम्ही," तिघांपैकी एक परीक्षक म्हणाले. "तुम्ही तर मुलांकडून घोकूनच घेतलाय."

"पाठ माझा आहे."

"मग त्या बाईंना कसा आला?"

"मीच शिकवला."

तिघेही एकमेकांकडे बघून हसले.

जागा धाकटीला मिळाली. दुसऱ्या दिवशी ती आली, मान खाली घालून. "ताई, रागावलात ना? पण मलाही संसार आहे." मग कपाटाकडे बघत म्हणाली, "बाकीचे नकाशे हवे होते. मला नदीपुरतंच येतं. नाहीतर मुलांचं नुकसान होईल हो."

केसाने गळा कापला तो कापलाच, वर मुलांना पुढे केलं! बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कपाट उघडून सगळं टराटरा फाडावं असं वाटलं. तिने गठ्ठा काढलाही. वरच्याच कागदावर एका पोराने पेन्सिलीने दुरुस्ती केली होती, वाकड्यातिकड्या अक्षरांत, पण धडधडीत इंग्रजीत. तिने गठ्ठा टेबलावर ठेवला.

"ने. त्यांच्यासाठी देतेय," ती म्हणाली. "आणि यापुढे मला ताई म्हणायचं नाही."