पेन्सिलीने भरलेले फॉर्म आणि एक शाईचा

प्रा. काशिनाथप्पा हालगे यांची आणि माझी पहिली भेट लिंबाच्या झाडाखाली झाली. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजला तेव्हा इमारत म्हणून पत्र्याच्या दोन लांब शेड होत्या. प्रवेशाच्या दिवसांत अप्पा आपले टेबल उचलून बाहेर लिंबाखाली आणत आणि नव्या मुलांना एकेक करून समोर बसवत. मी दहावी होऊन आलो होतो. आमचे चुलते भिक्षुकी करीत. त्यांच्या धाकाने शब्दरूपे आणि अमरकोशाचा बराच भाग मला पाठ होता. एवढ्या भांडवलावर मला विज्ञान शाखेला जायचे होते, कारण माझा मित्र तिकडे चालला होता.

अप्पांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "बसा. तुम्हाला काय शिकायचंय?"

मी मागे वळून पाहिले. 'तुम्ही' म्हणावे असे माझ्यामागे कोणी उभे नव्हते. तोवर मला त्या शब्दाने कोणीच हाक मारलेली नव्हती.

"विज्ञान," मी म्हणालो.

"का?"

"मित्र तिकडं चाललाय," मी म्हणालो. कानावरची पेन्सिल काढून अप्पांनी माझ्या फॉर्मवर 'विज्ञान' असे लिहिले आणि फॉर्म आपल्याच खणात ठेवला. "पंधरा दिवस सगळीकडं बसा. कला, वाणिज्य, विज्ञान, सगळ्या वर्गांत. मग या. येताना खोडरबर आणा."

ही अप्पांची पद्धत होती. नव्या विद्यार्थ्याचा फॉर्म आधी पेन्सिलीने भरायचा आणि पंधरा दिवसांनी शाईने. शाई लागली की प्रवेश पक्का. फॉर्म त्याच दिवशी रजिस्टरात चढे आणि त्याची प्रत वरच्या कार्यालयाकडे रवाना होई. कॉलेजचे हेडक्लार्क कादरभाई यांना हे पंधरा दिवस म्हणजे रोजे वाटत. "सर, रजिस्टर हाय हे, पाटी न्हाई," असे ते दरवर्षी म्हणत. अप्पा दरवर्षी "बरोबर आहे कादरभाई," म्हणत आणि पेन्सिलीला टोक काढायला घेत.

पंधरा दिवसांनी अप्पांनी मला विचारले, "रसायनशास्त्र कसं वाटलं?" मी मूलद्रव्यांची यादी अणुक्रमांकांसह, कुठेही न अडखळता म्हणून दाखवली. अप्पांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. "छान म्हणता. पण रसायनशास्त्र करायचं असतं. आपण त्याचं पारायण करताय." मागे रांग हसली. मी खोडरबर पुढे केले. मी कला शाखेत गेलो, संस्कृत घेतले आणि पुढे वर्तमानपत्राचा वार्ताहर झालो. यातल्या शेवटच्या गोष्टीची जबाबदारी अप्पा घेत नाहीत.

अप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवले आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा पाजला आणि अट घातली. "माझी चूक लिहिणार असाल तर काढा. आणि ती लिहायची का, हे शीलाबाईंना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर ग्रंथ नको." हे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले, कारण त्या चुकीचा एक साक्षीदार मी होतो.

चूक समजायला थोडे मागे जावे लागेल.

बहात्तरच्या दुष्काळात अप्पा तरुण अधिव्याख्याते होते. वर्ग रिकामे पडले. मुले रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती. अप्पा सायकलवर पुस्तके लादून कामावर जात आणि दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगाशेजारी बसून भूगोल शिकवत. तिथे मॅट्रिक झालेल्या एका मुलाने त्यांना विचारले, "सर, शिकून बी खडीच फोडायची, तर मग शिकायचं कशापायी?" पुढची दहा वर्षे अप्पा याचे उत्तर शोधत राहिले. कुठल्या खात्यात भरती आहे, कुठल्या आयटीआयचे फॉर्म निघालेत, हे सगळे वर्तमानपत्रांतून उतरवून ते गावोगावच्या मुलांना पोस्टकार्डे टाकत. इस्लापूरकडच्या एका विद्यार्थ्याने जपून ठेवलेले कार्ड मी पाहिले आहे. त्यावर दोनच ओळी आहेत: 'फॉर्म आले आहेत, सोमवारपर्यंत या. घरून जेवून निघू नका, आमच्याकडे जेवायचे आहे.'

मी प्रवेशाला गेलो तो उन्हाळा लातूर वेगळा जिल्हा होण्याचा. आमचे गाव हद्दीजवळचे, त्यामुळे पारावर दुसरे बोलणे नव्हते. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे किसनराव वाघमारे आपल्या मुलीला, शीलाला, घेऊन उभे होते. किसनराव पंचायत समितीत शिपाई. त्यांच्या घरातून दहावीच्या पुढे जाणारी शीला पहिलीच. तिच्या हातात गुणपत्रिका होती आणि शास्त्रातले गुण आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त होते, हे शाळेपासून सर्वांना ठाऊक होते.

"सर, जिल्हा होऊन राहिला आता," किसनराव म्हणाले. "कलेक्टर कचेरी येईल, कोषागार येईल, समदं येईल. लई माणसं लागतील. पोरीला कॉमर्सला टाका. टायपिंग शिकंल, खुर्चीवर बसंल."

अप्पांनी गुणपत्रिका पाहिली. मग किसनरावांकडे पाहिले. त्या क्षणी त्यांना काय दिसले ते त्यांनी पुढे मला सांगितले: खडीचा ढीग आणि त्यावर बसलेला तो मुलगा. त्यांनी खिशातले पेन काढले.

"सर, मला..." शीला म्हणाली.

"झालं तुमचं काम. काळजी करू नका," अप्पा म्हणाले आणि 'वाणिज्य' हा शब्द शाईने लिहिला. कादरभाईंनी उभ्या उभ्या फॉर्म उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे काम एका दिवसात होत होते.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो, तेव्हा शीलाही उभी होती. टेबलापाशी पोचल्यावर तिने मुठीतले खोडरबर समोर ठेवले.

"सर, मी बी समद्या वर्गांत बसले," ती म्हणाली. "मला सायन्स पाहिजे."

अप्पांनी खण उघडला. तिचा फॉर्म त्यात नव्हता. तो नसणार हे त्यांच्या ध्यानात आले. "शाईनं भरला होता का?" त्यांनी हळू विचारले. ती "हाव" म्हणाली.

अप्पांनी धावपळ केली. कादरभाईंनी, आयुष्यात प्रथमच, रजिस्टरात काही खोडता येईल का याचा विचार केला. अप्पा दोनदा एसटीने वरच्या कार्यालयात जाऊन आले. विज्ञानाच्या जागा भरल्या होत्या आणि पक्का प्रवेश बदलत नव्हता. एक वर्ष थांबावे, तर किसनरावांच्या भावकीत मुलीचे वर्ष मोकळे जाणे म्हणजे स्थळे यायला सुरुवात. शीला वाणिज्य शाखेत बसली.

दुसऱ्या वर्षापासून दोन गोष्टी बदलल्या. पेन अप्पांच्या खिशातून गेले. कोणी कितीही घाईत असो, पहिल्या दिवशी फक्त पेन्सिल. आणि एक वेगळा बाक आला. तो टेबलापासून दहा पावलांवर, विहिरीच्या बाजूला. पालकांनी तिथे बसायचे. "तुमचं मी नंतर ऐकतो. सगळं ऐकतो," असे म्हणून अप्पा मोठमोठ्या पाटलांनाही तिकडे पाठवत. लोहा पंचायत समितीच्या एका सभापतींना याचा राग आला होता. त्यांना अप्पांनी स्वतः पाण्याचा तांब्या नेऊन दिला, पण जागा बदलली नाही. या दोन गोष्टींमुळे किती मुलांचे भले झाले याची मोजदाद कोणाकडे नाही. या ग्रंथात लिहिणारे बहुतेक जण त्यांतलेच आहेत.

तर मी शीलाबाईंना भेटायला लातूरला गेलो. त्या आता एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहेत. मी नाव सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "तुम्ही ते पारायणवाले ना?"

मी येण्याचे कारण सांगितले. त्यांनी टेबलावरच्या फाइली बाजूला केल्या.

"लिहा की. पण एक लिहू नका. शीलाबाईंना पुढं सरकारी नोकरी लागली, म्हणजे सरांचं बरोबरच होतं, असं लिहू नका. लोक मला हेच सांगतात. नोकरी चांगलीये. मला विचारलं नव्हतं, हेही खरंय."

मी मान डोलावली.

"मागच्या दुष्काळात मी टँकरच्या टेबलावर होते," त्या पुढे म्हणाल्या. "पाण्याच्या तपासणीचे कागद यायचे. बाकीचे सही ठोकून पुढं ढकलायचे. मी वाचत बसायची. क्षार किती, काय किती. साहेब म्हणायचे, वाघमारेबाई, तुमचं काय काम त्यात? काही काम नव्हतं. वाचायची आपली."

मी तेही वहीत उतरवून घेतले.

"पण दुसरंही लिहा," शीलाबाई म्हणाल्या. "सर वरच्या कार्यालयातून हात हलवत परत आले, त्या दिवशी सरळ आमच्या घरी आले. आमच्या वस्तीत कॉलेजचा प्रोफेसर त्याआधी कोणी आलेला नव्हता. वडलांनी शेजाऱ्याची खुर्ची आणली. सर खाली बसले, पाणी मागून प्याले. मग वडलांना नाही, मला म्हणाले, 'शीलाबाई, तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे.' वडील लई गडबडले. म्हणाले, 'सर, तुमीच चुकलो म्हणाया लागले, तर आमी कुणाकडं बघावं?' सर म्हणाले, 'पोरीकडं बघा.' त्यानंतर माझं लग्न ठरवायच्या वेळी वडलांनी मला विचारलं. नोकरीच्या वेळी विचारलं. घर बांधलं, तेव्हा खिडकी कुठं पाहिजे तेसुद्धा विचारलं."

मी संमतीचा कागद पुढे केला. शीलाबाईंनी खणातून पेन्सिल काढली, 'संमती आहे' असे लिहून सही केली आणि कागद आपल्याच खणात ठेवला. "पंधरा दिवसांनी या," त्या म्हणाल्या.

ग्रंथाची छपाई थांबली होती, समितीचे अध्यक्ष रोज फोन करत होते. मी तक्रार केली नाही. पंधरा दिवसांनी गेलो. शीलाबाईंनी कागद काढला आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश शाई फिरवली. मग म्हणाल्या, "सरांना एक निरोप सांगा. माझं ते खोडरबर त्यांच्या खणात अजून आहे, असं कादरभाईंच्या मुलाकडून कळलं. म्हणावं, आता टाकून द्या."

कागद घेऊन मी अप्पांकडे गेलो. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. "शाईनं?"

"शाईनं."

मी निरोप सांगितला. अप्पांनी घरच्या टेबलाचा खण उघडून ते खोडरबर बाहेर काढले. वाळून दगड झाले होते, आणि एक कोपराही झिजलेला नव्हता.

"टाका म्हणाल्या?"

"हो."

"मलाही पंधरा दिवस द्या," अप्पा म्हणाले आणि खोडरबर परत आत ठेवून खण लावून घेतला.

हे लिहीपर्यंत त्यांचे उत्तर आलेले नाही. अप्पांनी हे पंधरा दिवस निरोगी शरीराने आणि शांत मनाने पुष्कळ वर्षे लांबवावेत, अशी आम्हा सर्व विद्यार्थ्यांची प्रार्थना आहे. आम्हाला घाई नाही.