निबर हात

आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताचं कौतुक एकाच शब्दात होतं: निबर. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात, नखांत घुसतात. ज्या बाईला त्याचं काहीच वाटत नाही, तिचा हात निबर झाला म्हणायचं.

दिवाळीच्या सुट्टीत तलवाड्याजवळच्या आमच्या रानात मी आईसोबत वेचणीला गेले. तासाभरात माझी बोटं सोलवटली. मी "आई गं" केलं की आई हसायची. "मास्तरीणबाई, तुमी आपला खडू धरा!" तिच्या स्वतःच्या उजव्या हाताला रक्त आलं होतं, ओटीतल्या कापसाला लागत होतं, आणि ही बाई आपली वेचतेच आहे. मी दाखवलं तर म्हणाली, "अगं बया, कवा लागलं?" लुगड्याला पुसलं आणि गेली पुढच्या झाडाला. मला केवढा अभिमान वाटला तिचा!

अभिमान कसला, अक्कल गहाण टाकली होती मी. पाटोद्याला शाळेत विज्ञान शिकवते म्हणे! सुट्टी संपल्यावर वर्गात त्वचेचा धडा घेतला. कातडीत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात, काहींना हलका स्पर्श कळतो, काहींना दाब, काहींना ऊन-गार, काहींना दुखणं, आणि त्यांनी उचललेली खबर नसांमधून मेंदूकडे जाते. सगळं बरोबर सांगितलं. आणि उदाहरणाला आईचा हात दिला. कातडी निबर झाली की टोचलेलं कळत नाही, म्हटलं. पोरांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

संक्रांतीनंतर आई आमच्याकडे राहायला आली. एका दुपारी माझी मुलगी शाळेतून आली ती झोपूनच राहिली. मी शाळेतून फोन केला तेव्हा आईने हे सांगितलं. म्हटलं, "आई, अंगाला हात लावून बघ बरं." आई म्हणाली, "ताप न्हाई गं, गारच हाय." संध्याकाळी घरी येऊन बघते तर पोरगी तव्यासारखी तापलेली. मी आईवर तोंड सोडलं. "एवढंसुद्धा कळत नाही का तुला?"

ती उजवा हात डाव्या हातात धरून बघत बसली. मग हळूच म्हणाली, "न्हाई कळत, बाई. लई दिस झाले. चहाचा कप ऊन का गार, तेबी कळत न्हाई." बाही वर करून तिने एक फिकट चट्टा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा धागा हातावरून फिरवला. लागलं की सांगा, म्हणाले. एकदा फिरवला, दोनदा, तीनदा. आई डोळे मिटून ताटकळत बसलेली. शेवटी म्हणाली, "लावा की सायेब, कावून थांबलात?"

डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी बरा होतो, घाबरू नका. पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. लवकर आणायला हवं होतं." लवकर! दिवाळीत मी तिच्या शेजारच्याच ओळीत होते.

बाहेर बाकावर आईने उजव्या हाताने माझा हात धरला. रोगाचं नाव तिने काढलंच नाही. "तू शिकवतीस ना ह्ये समदं? मग सांग, यील का गं परत?"

तिची पकड घट्ट होत गेली, नखं माझ्या तळव्यात रुतली.

"दुखलं तर सांग बरं," ती म्हणाली. "किती जोरात धरलंय, मला कळत न्हाई."

लई दुखत होतं. मी म्हटलं, "नाही दुखत."